चाकाखालचं लिंबू

शालन गेली ते कळलं तेव्हा माझे अर्धे केस कापून झाले होते. नाक्यावरच्या सुदामच्या सलूनमध्ये मी बसलो होतो. हात कापडाखाली होते म्हणून फोन सुदामनेच उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडे आमच्या सोसायटीचा वॉचमन होता. "काका, काकू पडल्यात. लगेच दवाखान्यात या," एवढंच तो म्हणाला. दवाखान्यात पोचलो तर डॉक्टरांनी आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मलाही कुठे लागलंय. मग त्यांनी सांगितलं.

तसंच अर्धं डोकं घेऊन मी दिवसभर फिरलो. पोलीस आले, मुलगी तेजल आली, नातेवाईक आले, केसांबद्दल कुणी काही बोललं नाही. दहाव्याला सगळेच उतरवले, तेव्हा सुदाम रडला. मी रडलो नाही. मला एक गोष्ट कळत नव्हती आणि ती कळेपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं. गाडी थांबली का नाही?

झालं ते असं. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कादंबरी लोंढे राहते. वडील नाहीत, आई आणि ती. सात सीटची मोठी गाडी घेऊन ती शाळेच्या मुलांची ने-आण करते. गाडी चालवायला तिला शालननेच शिकवलं, आमच्या गाडीवर. त्या सकाळी शालन तिच्यासाठी सांडगी मिरच्या घेऊन खाली गेली. कादंबरीने काच खाली करून पिशवी घेतली आणि मागच्या वेळचा रिकामा डबा परत दिला. शालन निघाली. दोन पावलांवर डब्याचं झाकण निसटलं आणि घरंगळत पुढच्या चाकाशी गेलं. ते घ्यायला ती चाकापाशी उकिडवी बसली.

त्या गाडीचं बॉनेट माझ्या छातीला लागतं. पुढे कुणी खाली बसलं तर आतून दिसत नाही. कादंबरीला वाटलं मावशी गेल्या. तिने गाडी सोडली. चाक शालनच्या बोटांवर चढलं, ती ओढली जाऊन कोलमडली आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं.

बोटांना टेकताच चाक थांबलं असतं तर बोटं ठेचली असती. महिनाभर मला भाकऱ्या थापाव्या लागल्या असत्या. त्यापलीकडे काही झालं नसतं.

आणि ते थांबायलाच हवं होतं. या गाड्या माझ्या ओळखीच्या आहेत. चाकणच्या पट्ट्यात मी निवृत्त होईपर्यंत ट्रेलर चालवला. या सगळ्या गाड्यांचा खालचा भाग एकच असतो, धुरा नावाची कंपनी तो बनवते. लांब, सपाट, चार चाकांचा. आत बॅटरी, प्रत्येक चाकात त्याची मोटर, ब्रेक, स्टिअरिंग, आणि गाडीची जी काय अक्कल असते तीही तिथेच. आम्ही ड्रायव्हर लोक त्याला पाट म्हणायचो. वर कुणीही बसो, पाट तोच. मी ट्रेलरवर पाट चढवायचो आणि सात वेगवेगळ्या कंपन्यांच्या गेटांवर उतरवायचो. तिथे त्यावर ज्याची त्याची बॉडी चढायची आणि ज्याचं त्याचं नाव लागायचं. पुढे रस्त्यात लोक भांडायचे, तुझी गाडी भारी का माझी. आम्हाला हसू यायचं.

या पाटाला स्पर्श कळतो. चाक फिरवायला किती जोर लागतोय हे मोटर सतत मोजत असते. दगडाला एक जोर लागतो, चिखलाला दुसरा, पाण्याच्या पाइपला तिसरा. लाइट गेल्यावर आपण बोटांनी चाचपून काडेपेटी शोधतो तसं ते चाक जमीन चाचपतं. उभी गाडी निघताना चाकाला काही लागलं, कडक असो की मऊ, तर पाट तिथल्या तिथे थांबायचा, मोठ्याने ओरडायचा आणि समोरच्या पडद्यावर विचारायचा, 'चालेल?' खाली दोन बटणं. 'चालेल' आणि 'नको'. ड्रायव्हरने उतरून बघायचं आणि मग बटण दाबायचं. बहुतेक लोक उतरत नाहीत.

कादंबरीवर हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. लायसन्स गेलं, शाळेने दुसरी गाडी लावली. ज्या कंपनीची तिची गाडी होती त्या कंपनीने कळवलं की यंत्रणा अपेक्षेप्रमाणे काम करत होती.

तेराव्यानंतर कादंबरी वर आली. तिची आई मागे उभी होती, लेकीला पुढे ढकलून.

"काका," कादंबरी म्हणाली, "मी चालेल दाबलं नाही. गाडीने विचारलंच नाही. शपथ घेऊन सांगते."

तेजल आत भांडी लावत होती. तिथूनच बोलली. "सगळे हेच म्हणतात. आणि विचारलं नाही म्हणून तू बघणार नाहीस का? तुझ्या डोळ्यांना काय झालं होतं?"

"ताई, मला वाटलं मावशी गेल्या."

"गेलीच ना."

कादंबरीची आई तिला हाताला धरून खाली घेऊन गेली. तेजल कितीतरी वेळ एकच पातेलं पुसत राहिली. तेजल स्वतः धुरा कंपनीत इंजिनिअर आहे. पाटाची जी अक्कल म्हणालो, तिच्यावर काम करणाऱ्या लोकांत ती आहे. शालनला त्याचं फार कौतुक होतं. बाप पाट वाहतो, मुलगी पाटाला शिकवते, असं ती सगळ्यांना सांगायची.

त्यानंतर एका रविवारी तळमजल्यावरच्या साळसकरांनी नवी गाडी आणली. कंपनी वेगळी, रंग वेगळा, खाली पाट तोच. मी गॅलरीतून बघत होतो. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नारळ. साळसकर वहिनी चारही चाकांपाशी उकिडव्या बसून एकेक लिंबू ठेवत गेल्या. साळसकर आत बसले. गाडी पुढे सरकली, लिंबं फुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी गॅलरीचा कठडा धरून उभा राहिलो. काहीतरी कमी होतं, आणि काय ते मला टाळ्या थांबल्यावर कळलं. गाडी ओरडली नव्हती.

आम्ही गाडी घेतली तेव्हा शालनने अशीच लिंबं ठेवली होती. चाक लिंबाला टेकलं मात्र, आणि गाडीने असा गळा काढला की खालचं कुत्रं पळून गेलं. शालन तेव्हा स्टिअरिंगवर होती. "गप गं बाई, लिंबू आहे," असं म्हणत तिने 'चालेल' दाबलं. गाडी बोटभर सरकली आणि दुसऱ्या लिंबाला पुन्हा ओरडली. चार चाकं, चार बोंबा. पेढे खायला आलेले लोक हसून हसून बेजार झाले होते.

मी तसाच अनवाणी खाली गेलो.

"साळसकर, गाडीने विचारलं का तुम्हाला?"

"काय विचारलं?"

"चालेल म्हणून. लिंबाला."

"नाही बुवा." त्यांनी मला पेढा दिला. "आता नाही विचारत. नवीन आहे, शेवाळे. हुशार झालीय गाडी."

पेढा हातात धरूनच मी तेजलला फोन लावला. "तेजू, पाट लिंबाला ओरडायचा बंद कधी झाला?"

ती एवढंच म्हणाली, "मी येते."

ती आली ती चप्पल न काढताच सोफ्यावर बसली. शालन असती तर ओरडली असती.

तेजलने सांगितलं ते मला जसं समजलं तसं सांगतो. पाट एकटा शिकत नाही. रस्त्यावर लाखो पाट आहेत. एखादा पाट काही शंका काढतो, ड्रायव्हर 'चालेल' म्हणतो किंवा 'नको' म्हणतो. त्यातून त्या पाटाला एक बारीकसा धडा मिळतो. फोटो नाही, नाव नाही, नुसता धडा. पाट तो धडा नेटवर्कवरून धुराकडे पाठवतो. तिथे सगळ्यांचे धडे एकत्र मिसळतात आणि तो मिसळलेला शहाणपणा सगळ्या पाटांना परत जातो. कोकणातल्या गाडीने जांभ्याचा उतार शिकला की नागपूरची गाडी तो न बघता शिकते. सात कंपन्यांनी मिळून एक पाट घ्यायचं कारणच ते. जितक्या गाड्या, तितकी शाळा मोठी.

"आणि दसऱ्याला," तेजल म्हणाली, "एका सकाळी जितक्या गाड्यांची पूजा होते, बाबा, तितका मोठा धडा दुसरा कुठला नाही. वर्षभर लोक बाकीच्या शंकांना कधी चालेल म्हणतात, कधी नको. एकमत कधी होत नाही. लिंबाला मात्र सगळे चालेल म्हणतात. एकही माणूस नको म्हणत नाही."

"म्हणजे तो लिंबू ओळखायला शिकला."

"नाही ना." ती आपल्या पायांकडे बघत होती. "लिंबू त्याला माहीत नाही. पूजा माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की गाडी उभी आहे, चाकापाशी माणूस खाली बसलेलं कॅमेऱ्यात दिसतंय, चाकाला काहीतरी मऊ लागतंय, आणि ड्रायव्हरला निघायचंय. असं असेल तेव्हा विचारू नकोस. चालेल."

शालनचा गुडघ्याशी खोचलेला पदर मला दिसत होता.

"मऊ म्हणजे मऊ, बाबा. टायरला लिंबू काय आणि बोटं काय."

"तुमच्या लोकांना हे दिसलं नाही?"

"दिसलं. आम्हाला ते चांगलं वाटलं." आता तिचा आवाज फाटला. "केवढ्या तक्रारी असायच्या माहितीये? ऐन मुहूर्ताला गाडी बोंबलते, अपशकुन होतो. गेल्या दिवाळीनंतर तो धडा पक्का झाला आणि तक्रारी बंद झाल्या. तो पुढे जाऊ द्यायचा का, हे माझ्याकडे आलं होतं. मीच हो म्हटलं. त्या दिवशी मी मिठाई घेऊन आले होते, आठवतंय? आईला सांगितलं होतं मी. ती म्हणाली, बरं झालं, ते बोंबलणं फार वाईट दिसायचं."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिच्या चपला काढल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

रडणं झाल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली ती ही. "कादंबरी घरी असेल का आत्ता?"

मग आम्ही तिघांनी मिळून खात्री करून घेतली. कादंबरीने कणीक भिजवली. ती भांडी घासायच्या रबरी हातमोज्यात भरून तोंड बांधलं. पाच बोटांचा जाड हात तयार झाला. साळसकरांना आधी ते आवडलं नाही.

"शेवाळे, नव्या गाडीखाली असलं काही... बघा, मला तुमच्या दुःखाची कल्पना आहे, पण हे जादूटोण्यासारखं दिसतंय हो."

"लिंबू ठेवलं तेव्हा नाही दिसलं?" मी म्हणालो.

साळसकर वहिनींनी किल्ली त्यांच्या हातातून घेतली आणि मला दिली.

चाकापुढे तो मोजा ठेवला. तेजल चाकापासून हातभर लांब, बाजूला उकिडवी बसली, गाडीच्या कॅमेऱ्याला दिसेल अशी. मी गाडी सोडली. कणकेची बोटं सपाट झाली. गाडीने हूं की चूं केलं नाही. मग विटेचा तुकडा ठेवला. गाडी थांबली, ओरडली, 'चालेल?' विचारलं. पुन्हा मोजा. गप्प. पार्किंगमधल्या आणखी तीन गाड्या झाल्या, तीन कंपन्यांच्या. विटेला ओरडल्या, मोज्याला गप्प. कादंबरी पुन्हा पुन्हा कणीक भरत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. शेवटचा मोजा सपाट झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी खोटं बोलत नव्हते."

"नाही," तेजल म्हणाली. "नव्हतीस."

जायला निघालो तेव्हा साळसकर वहिनी म्हणाल्या, "आणि तुमची गाडी, भाऊजी? ती पण बघा की."

आमची गाडी कोपऱ्यात धूळ खात उभी होती. शालननंतर मी तिला हात लावला नव्हता. खरं तर ती गाडी शालनचीच. मी जन्मभर ट्रेलर चालवला, मला छोट्या गाडीत बसलं की खेळण्यात बसल्यासारखं वाटतं. मी आत बसलो. सीट तिच्या मापाची, गुडघे स्टिअरिंगला लागत होते. मी सीट मागे घेतली नाही. तसंच अवघडून गाडी सोडली.

चाक मोज्याला टेकलं आणि गाडीने गळा काढला. सगळं पार्किंग दणाणलं. कादंबरी दचकून मागे सरली. पडद्यावर दोन बटणं उगवली.

तेजल धावत माझ्या खिडकीशी आली. "हे शक्य नाही. ही गाडी पण तेच शिकायला हवी." मग तिने पडद्याचा वरचा कोपरा पाहिला. तिथे छोट्या अक्षरांत लिहिलं होतं, 'संपर्क नाही.'

तेव्हा मला आठवलं. गेल्या पावसाळ्यात उंदराने गाडीची अँटेनाची वायर कुरतडली होती. मी म्हटलं होतं, दुरुस्त करून आणतो. शालन म्हणाली होती, "गाडी पळतेय ना? मग तिला कुणाशी बोलायचंय? चालेल तशीच." त्यामुळे दसऱ्याच्या आधीपासून आमची गाडी शाळेत गेली नव्हती. तिला जुनंच माहीत होतं. चाकाखाली मऊ काही आलं की थांबायचं.

मी 'नको' दाबलं.

तेजलने धुरात सगळं सांगितलं. आपण काय केलं तेही लपवलं नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, सहानुभूती दाखवली. पाट सात जणांचा, त्यामुळे एखादा धडा काढून टाकायचा तर सातही कंपन्यांनी हो म्हटलं पाहिजे. आणि धडा काढला म्हणजे तो चुकीचा होता हे कबूल केल्यासारखं. सातांपैकी एकही कंपनी पहिली व्हायला तयार नव्हती. चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबा, असं ठरलं. तेजलला दुसऱ्या विभागात हलवलं, सीटच्या गाद्यांच्या. "आता मी लोकांच्या बुडाखालचं बघते," ती म्हणाली. ती त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

कादंबरीच्या वकिलांनी तपास करणाऱ्या पोलिसांना आमच्या गाडीबद्दल कळवलं. त्यानंतर लगेचच एक मेकॅनिक दारात उभा राहिला. कंपनीचा शर्ट, हातात नवी कोरी वायर.

"काका, तुमची संपर्काची तक्रार आहे ना. कंपनीकडून आलोय. दहा मिनिटांचं काम आहे."

"तक्रार कुणी केली?"

त्याने मोबाइलमध्ये बघितलं. "इथे नाव नाही. साहेबांनी स्वतः पाठवलंय. सौजन्य म्हणून."

"चहा घेणार?"

"घेईन की."

चहा होईपर्यंत मी त्याला विचारलं, वायर जोडल्यावर काय होईल. तो उत्साहाने सांगू लागला. "जोडली की लगेच सगळं नवीन येतं बघा. मागचं पुढचं सगळं. गाडी एकदम आजची होते."

"आणि जुनं?"

"जुनं जातं ना."

"मग राहू दे," मी म्हणालो. "वायर घेऊन जा परत. आणि साहेबांना सांग, गाडी माझ्या बायकोची आहे, ती म्हणालीय चालेल तशीच."

त्याने चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला. जिन्यात थांबून म्हणाला, "काका, उंदीर अजून आहे का पार्किंगमध्ये? म्हणजे बाकीच्या वायरी खाईल."

त्याचं ते बोलणं मी मनावर घेतलं. कादंबरीच्या आईने गाडीखाली पिंजरा लावला.

आमची गाडी जोडली आणि तिचं जुनं शहाणपण बाकीच्यांत मिसळलं तर? हे मीच तेजलला विचारलं होतं. ती म्हणाली, लाखोंत एक आवाज, कुणाला ऐकू येणार. लाखो लोकांनी शिकवलेलं लाखोंनीच पुसलं पाहिजे. ते बोलता बोलताच तिला वाट सुचली.

पाट माणसांकडूनच शिकतो. ड्रायव्हरने चालेल म्हटलं तर धडा मिळतो, आणि ड्रायव्हरने स्वतःहून ब्रेक दाबला तर त्याहून मोठा मिळतो. मी चूक केली, माणसाने मला अडवलं, असा. तो धडा द्यायला कुणाची सही लागत नाही. फक्त लिंबाला चाक टेकताच ब्रेक दाबणारी माणसं लागतात, पुष्कळ. आणि गुढीपाडवा तोंडावर आला होता. दसऱ्याखालोखाल नव्या गाड्या पाडव्यालाच निघतात. त्या दिवशीही सगळे चालेल म्हणाले असते तर तो धडा आणखी पक्का झाला असता.

मी माझ्या जुन्या ट्रेलरवाल्यांना फोन केले. त्यांतले निम्मे आता शोरूमला गाड्या पोचवतात. म्हमाणे म्हणून एक आहे, त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मुकुंदा, म्हणजे लिंबू ठेवायचं पण चिरडायचं नाही. लोक मारतील आपल्याला."

"तू तसाही मार खाण्यासारखाच आहेस."

"ते आहेच," तो म्हणाला. "बरं, शोरूमवाल्यांशी मी बोलतो."

पाडव्याच्या सकाळी आम्ही हायवेवरच्या मोठ्या शोरूमच्या आवारात गेलो. हार घातलेल्या गाड्या ओळीने उभ्या, नव्या कपड्यांतली माणसं, पोरंबाळं. मॅनेजर हात जोडून पुढे आला. "काका, म्हमाणेंनी सांगितलं मला सगळं. पण आज नको. लोकांचा सण आहे. अशुभ बोलायचा दिवस नाही."

"मी काही बोलणार नाही," मी म्हणालो. "गाडी बोलेल."

तेजल शालनच्या सीटवर बसली. तिला सीट सरकवावी लागत नाही, आईच्याच मापाची आहे. कादंबरी चाकापाशी गेली आणि खाली बसली. तिने कणकेचा मोजा चाकापुढे ठेवला, मागे सरून उभी राहिली आणि काचेतून तेजलकडे बघून मान हलवली.

आमची गाडी ओरडली. सगळं आवार वळून बघायला लागलं. पोरांनी कान झाकले. मग म्हमाणेने शेजारच्या नव्या गाडीपुढे तसाच मोजा ठेवला, स्वतः बाजूला उकिडवा बसून राहिला, आणि ती गाडी त्याच्यावरून शांतपणे निघून गेली. मोजा फाटून कणीक बाहेर आली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईने आपल्या पोराला कडेवर घेतलं.

तेव्हा मी बोललो. माझी बायको कशी गेली ते सांगितलं, दोन वाक्यांत. मग सांगितलं, लिंबू ठेवा, पण चाक टेकल्याचं कळलं की ब्रेक दाबा. लिंबू हाताने काढा आणि मग निघा. गाडी आपल्याकडूनच शिकते.

एक गृहस्थ वैतागले. "म्हणजे पहिल्याच पावलाला गाडी अडवायची? याला शुभ म्हणतात का?"

पूजेला आलेले गुरुजी इतका वेळ नारळाची शेंडी सोलत उभे होते. ते म्हणाले, "चिरडायचंच असं कुठे सांगितलंय? लिंबाला टेकून थांबा. हात जोडा. लिंबू उचला, मग निघा. देवाला नमस्कार करायला थांबलेला माणूस कधी अशुभ असतो का?" आणि पहिल्या गाडीपाशी जाऊन त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "हं, थांबून नमस्कार."

त्या गाडीने ब्रेक मारला. दुसरीने मारला. तिसऱ्या गाडीतल्या आजोबांनी इतका जोरात मारला की हार तुटला. दुपारपर्यंत ते 'थांबून नमस्कार' पूजेचाच भाग असल्यासारखं झालं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला. संध्याकाळी म्हमाणेचा फोन आला की नाशकाच्या आणि साताऱ्याच्या शोरूममध्येही गुरुजी तेच सांगतायत, फक्त ती पद्धत आमच्याकडे पूर्वीपासून आहे असं म्हणतायत. म्हटलं, म्हणू देत.

पोलिसांनी आमच्या गाडीची चाचणी आपल्यासमोर करून घेतली आणि कागदावर घेतली. कादंबरीची केस उभी आहे, पण तारखेला आता तिच्याबरोबर आम्ही दोघं जातो, मी आणि तेजल. साक्षीत मी गाडीबद्दलही सांगणार आहे आणि धडा कुणी पुढे जाऊ दिला तेही. ते तेजलने मला सांगायला लावलंय. शालनच्या डब्याचं ते झाकण पोलिसांकडे जमा आहे. डबा कादंबरीकडे आहे, ती त्यात आम्हाला काही ना काही करून पाठवते, वर ताटली झाकून.

काल साळसकरांच्या गाडीखाली आम्ही पुन्हा मोजा ठेवला, कादंबरी बाजूला उकिडवी बसली. वहिनींनी स्वतः गाडी सोडली आणि ब्रेकवरून पाय काढून ठेवला, गाडी आपली आपण काय करते ते बघायला. चाक बोटांना टेकलं. गाडी किंचित अडखळली. पाडव्याच्या आधी ती तेवढंही करत नव्हती. तेजलने माझा दंड धरला. मग चाक मोज्यावरून पुढे गेलं.

अक्षय तृतीया जवळ आली आहे, त्यानंतर दसरा आहे, आणि म्हमाणेने आता गावागावांतल्या गुरुजींना गाठायला सुरुवात केली आहे. सात कंपन्यांपैकी एकीनेही अजून हो म्हटलेलं नाही. गाडी अडखळते. अजून थांबत नाही.